घरच्या घरी गाडीचा गंज काढून रंग मारायचाय? किनाऱ्याकडच्या गाडीवाल्यांसाठी

किनाऱ्याकडची गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, गोवा, कुठेही बघा, जुनी मारुती ८०० पहिल्या सेल्फला सुरू होते आणि मागच्या चाकावरचा पत्रा मात्र बोटाने दाबला तर आत जातो. शेवटची ८०० जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली, म्हणजे आज रस्त्यावर जी काही ८०० दिसते तिने निदान दहा-बारा पावसाळे काढलेत, बहुतेकींनी त्याच्या दुप्पट. हा लेख अशाच गाड्यांसाठी आहे, जिची किंमत आता फारशी येणार नाही, गॅरेजवाला फुल पेंटचा आकडा सांगतो तेवढे पैसे घालायचं जिवावर येतं, पण गाडी घरातली आहे आणि अजून काही वर्षं वापरायची आहे. शिवाय पंधरा वर्षं झाली की आरसी रिन्यू करायला गाडी आरटीओत दाखवावी लागते, तिथे सडलेला पत्रा घेऊन जाणं बरं दिसत नाही.

सुरुवातीलाच एक सांगतो, घरी हे काम करताना रंगाच्या मागे लागू नका, गंजाच्या मागे लागा. नवीन माणूस दुकानात जातो, स्प्रेचा डबा आणतो, गंजाच्या डागावर वरवर पेपर मारतो आणि रंग उडवतो. गणपतीपर्यंत तोच डाग दुप्पट होऊन वर येतो. रंग थोडा वेगळा दिसला, कडेला शेड लागली तर लागू दे, पाच फुटांवरून कळत नाही. पण खाली गंज राहिला तर सगळी मेहनत पाण्यात.

गंज का परत येतो

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज चढतो, त्यात मीठ असलं की काम भराभर होतं, कारण खारट पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया ही मुळात विजेचीच आहे. आपल्याकडे मीठ कुठून येतं असं विचारू नका. खारा वारा आहे, बोअरचं मचूळ पाणी आहे ज्याने आपण गाडी धुतो, मासे नेणाऱ्या टेम्पोतून रस्त्यावर सांडणारं पाणी आहे जे पुढच्या गाडीच्या चाकाखालून आपल्या गाडीवर उडतं, आणि काही हौशी मंडळी तर गाडी थेट पुळणीवर नेतात. त्यांच्यासाठी वेगळं काही लिहीत नाही.

दुसरी गोष्ट, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो आणि आपल्याला फोड दिसतो. बाहेर चणाडाळीएवढा फोड असेल तर आत रुपयाएवढी जागा गेलेली असते असं धरून चाला. आणि दाराच्या खालच्या कडेला किंवा चाकाच्या कमानीवर जे फोड येतात ते बहुतेक आतून बाहेर आलेले असतात, म्हणजे पाणी पत्र्याच्या मागे साचतंय. तिथे बाहेरून कितीही चांगला रंग मारा, मागचं पाणी थांबलं नाही तर काही उपयोग नाही.

आधी गाडी नीट बघा

गाडी स्वच्छ धुवा, विशेषतः चाकांच्या कमानीच्या आतून. पत्रा जिथे आत दुमडलेला असतो त्या ओठात बोट घालून बघा. कोकणात इथे तांबडी माती घट्ट बसलेली असते, आणि बाहेर कडक ऊन असलं तरी ती माती काढली की आतून ओली निघते. म्हणजे पाऊस संपून महिने झाले तरी पत्र्याला ओला लेप लावलेलाच आहे. वर भानगड अशी की माती आणि गंज दोन्ही तांबडे, त्यामुळे धुतल्याशिवाय काय माती आणि काय गंज ते कळतच नाही. पाइपने पाणी मारा, जुन्या टूथब्रशने खरवडा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

मग एक बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या आणि संशयाच्या जागी टोचत जा. आवाज टणक आला तर पत्रा शाबूत, भसकन आत गेला तर भोक आहे असंच समजा. कुठे पूर्वी पुट्टी भरलेली असेल तर तिथे चुंबक लावून बघा, रुमालात गुंडाळून, म्हणजे ओरखडा जात नाही. पुट्टीच्या जाड थरावर चुंबक धरत नाही. सेकंडहँड गाडीत या चुंबकाने बरीच गुपितं बाहेर येतात.

बघायच्या जागा: चारी चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, दाराखालचा रनिंग बोर्ड, डिकीचा तळ (स्टेपनीच्या खाली हमखास), समोरच्या काचेच्या रबराखाली, बॅटरीच्या ट्रेखाली, आणि आतलं मॅटिंग उचलून पायाखालचा पत्रा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायला छोटी भोकं असतात ती पाला-मातीने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करा. हे तर रंगकाम करायचं नसलं तरी आज करा, फुकट आहे.

आता महत्त्वाचं. काही जागा घरच्या कामाच्या नाहीतच. रनिंग बोर्ड, चासीचे खालचे दांडे, शॉकअप जिथे बॉडीला बसतो ती जागा, सीटबेल्टचे बोल्ट जिथे आहेत तो भाग, सीट जिथे बसते तो फ्लोअर. इथे भोक पडलं असेल तर पुट्टी आणि फायबरने बुजवू नका, दिसायला छान होईल पण अपघातात गाडी तिथेच दुमडेल. अशा ठिकाणी सडलेला पत्रा कापून नवीन तुकडा वेल्डिंग करून घ्यायचा, तेही सीओटू वेल्डिंगने, गॅसने नाही, कारण गॅसच्या उष्णतेने आजूबाजूचा पत्रा वाकडा होतो. बॅटरीची वायर काढली का, आतलं मॅट आणि रबर बाजूला केलं का, पेट्रोलची टाकी आणि पाइप कुठे आहेत, हे कामाला हात घालण्याआधी वेल्डरबरोबर उभं राहून बघा. बाकी मडगार्ड, दारं, बॉनेट, डिकीचं झाकण, मागच्या कमानीचा बाहेरचा पत्रा, हे आपण करू शकतो.

कधी करायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत विषयच नाही, ऑक्टोबरात हवेत अजून दमटपणा असतो, आणि दमट हवेत मारलेला लॅकरचा रंग दुधाळ पडतो कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. सकाळी दव वाळल्यावर साधारण नऊ ते साडेअकरा ही वेळ सगळ्यात चांगली, दुपारनंतर समुद्राचा वारा सुटतो आणि मग धूळ, पानं, आंब्याला मोहोर असेल तर तुडतुडे, सगळं ओल्या रंगावर येऊन बसतं. आंब्याच्या झाडाखाली रंग मारायचा नाही हे सांगायची गरज नसावी, पण सावली बघून लोक तिथेच गाडी लावतात म्हणून सांगितलं.

सामान

पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, ३२० नंबरचे, वॉटर पेपर ४००, ६००, १०००, १५००, २००० नंबरचे. तारेचा ब्रश, जमल्यास ग्राइंडर आणि त्याला लागणारा तारेचा कप. रस्ट कन्व्हर्टर. इपॉक्सी प्रायमर हार्डनरसकट. पॉलिस्टर पुट्टी हार्डनरसकट, दोन-तीन पट्ट्या. सरफेसर (पुट्टीवर मारून घासून सपाट करायचा प्रायमर). मास्किंग टेप चांगल्या कंपनीची (स्वस्त टेपचा गोंद उन्हात पत्र्यावरच राहतो), जुने पेपर, रंग, क्लिअर (रंगावर मारायचा पारदर्शक थर), एनसी थिनर, सुती कापड भरपूर, रबिंग कंपाउंड. जुन्या बनियनची चिंधी उत्तम, पण धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरलेली नको, त्याचा अंश रंगाखाली राहून त्रास देतो.

आणि स्वतःसाठी: गॉगल, हातमोजे, आणि रंगासाठी मिळतो तो कार्ट्रिजवाला मास्क. कोविडमधला उरलेला मास्क धुळीला ठीक, थिनरच्या वाफेला शून्य. ग्राइंडरवर तारेचा कप लावला की त्याच्या तारा तुटून उडतात, डोळ्यात गेली तर थेट हॉस्पिटल, त्यामुळे गॉगलशिवाय ग्राइंडर चालूच करायचा नाही.

रंगाबद्दल एक गोष्ट जरा लांबवून सांगतो कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. गॅरेजमध्ये आता जो पीयू किंवा टूके (हार्डनर मिसळून मारायचा) रंग मारतात त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फवाऱ्यातून श्वासात गेलं तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्याने सुद्धा त्रास होतो. त्याला धड वासही येत नाही, त्यामुळे मास्कचं कार्ट्रिज संपलं की नाही ते कळत नाही, म्हणून त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. घरच्या अंगणात, वर बाल्कनीत शेजाऱ्यांचं पोर खेळतंय, तिथे हे फवारायचं नाही. बाजारात टूके क्लिअरचे स्प्रेचे डबेही मिळतात, खाली बटण दाबून हार्डनर सोडायचा, तेही याच प्रकारात येतात. मग घरी काय? दोन रस्ते आहेत. एक, साध्या वनके (हार्डनर न लागणाऱ्या) स्प्रेच्या डब्याने काम संपवा, टिकाऊपणा थोडा कमी. दोन, मला जास्त पटलेला: पत्र्याचं सगळं काम, गंज, प्रायमर, पुट्टी, घासणं स्वतः करा आणि शेवटचा रंग तेवढा पेंटरच्या बूथमध्ये मारून घ्या. पेंटरच्या बिलात मजुरी हाच मोठा भाग, तो वाचतो, आणि मुख्य म्हणजे गंज खरंच निघालाय हे तुम्हाला माहीत असतं.

गंज काढणे

फोडाच्या भोवती चांगला रंग दिसतो तिथपासून दोन-तीन बोटं बाहेर जाऊन घासायला सुरुवात करा. पोपडे आधी स्क्रॅपरने काढा, मग तारेचा ब्रश, मग ८० नंबर. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून जोर देऊ नका, बॉडीचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, गंजाबरोबर चांगला पत्राही जातो आणि तापून वाकतो. तारेचा कप बरा, तो पत्रा कमी खातो, पण त्याचा एक तोटा आहे, गंजाला घासून घासून तो काळा चकचकीत करतो आणि आपल्याला वाटतं साफ झालं. साफ पत्रा करडा-पांढुरका दिसतो. त्यात बारीक काळे ठिपके राहिले असतील तर ते खड्ड्यात बसलेला गंज आहे, आणि तोच परत येणारा गंज. तिथे ८० नंबरचा तुकडा तिरका दुमडून टोकाने घासा, हात दुखतील, इलाज नाही.

कडेचा रंग शेवटी १८० आणि ३२० ने असा उतरता घासा की रंग, प्रायमर, पत्रा असे पट्टे दिसतील आणि डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागणार नाही. ही पायरी राहिली तर ती वरच्या रंगातून दिसणारच.

इतकं करूनही खड्ड्यांत थोडा काळा गंज राहिलाच तर रस्ट कन्व्हर्टर लावायचा. यात साधारण टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड असतं, ते गंजाशी संयोग पावून त्याचा स्थिर थर बनवतं, टॅनिकवाला काळा-निळसर होतो. पण हा जादूचा डबा नाही. तो पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावर चालतो, सुट्या पोपड्यांवर वरचा थर काळा होतो आणि खाली गंज तसाच. डब्यावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा द्या, आणि धुवायचं की नुसतं पुसायचं तेही डब्यावर बघा, कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. आपल्या हवेत सकाळी पांढरा केलेला पत्रा संध्याकाळपर्यंत पिवळसर होतो, त्याला हात लावला असेल तर तिथे बोटांचे ठसेसुद्धा गंजून उठतात. म्हणून एका दिवसात जेवढ्याला प्रायमर लावून होईल तेवढाच भाग उघडा करा. चारी कमानी एकदम सोलून ठेवायचा उत्साह नको.

भोक पडलं असेल तर

बाहेरच्या पत्र्याला, बिनजोखमीच्या जागी, रुपयाएवढं भोक असेल तर आधी ते मोठं करायला लागेल. कडेचा पत्रा कागदासारखा झालेला असतो, तो टणक पत्रा लागेपर्यंत कात्रीने कापा. सगळ्यात चांगला इलाज इथेही वेल्डिंगचाच, तुम्ही सगळं सोलून साफ करून गाडी नेली तर वेल्डरचं काम पटकन होतं. पण वेल्डर नको असेल तर फायबर. बंदराच्या गावात हे सोपं आहे, होड्यांना फायबर करणाऱ्यांकडे मॅट आणि रेझीन दोन्ही मिळतं. शक्य तिथे तुकडा मागच्या बाजूने लावा, कडेने पत्रा ८० ने खरखरीत करून, भोकाच्या सगळ्या बाजूंनी दोन बोटं जास्त. पुढून पुट्टीला बसायला थोडी खोली राहील असं बघा.

रेझीनबरोबर दोन बाटल्या मिळू शकतात, एक हार्डनर आणि एक जांभळट कोबाल्ट. या दोन एकमेकांत थेट कधीही, कधीही मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग त्यात हार्डनर. शक्यतो कोबाल्ट आधीच घातलेलं रेझीन मागा म्हणजे प्रश्नच मिटला. हार्डनर डोळ्यात गेला तर फार वाईट, गॉगल काढायचा नाही.

फायबरचा तुकडा किती टिकेल हे मागून पाणी येतंय की नाही त्यावर आहे. मागे माती साचू दिली तर कडेने दोन पावसाळ्यांत परत फुगेल.

प्रायमर, आणि मग पुट्टी

बरेच जण उघड्या पत्र्यावर थेट पुट्टी चोपडतात, कोरड्या हवेच्या गावात ते खपूनही जातं. समुद्राजवळ मी म्हणेन आधी इपॉक्सी प्रायमर. पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते, आणि पुट्टीच्या खाली उघडा पत्रा असला की ते पाणी सरळ त्याच्यावर. इपॉक्सी पाणी अडवतं. हे ब्रशने लावलं तरी चालतं, ही घरच्या कामातली मोठी सोय, कारण नंतर घासायचंच आहे. डब्यावरच्या प्रमाणात हार्डनर मिसळा, अंदाजपंचे नाही, थोडा वेळ मुरू द्या, मग पातळ दोन हात. हातमोजे घालून, कारण याच्या हार्डनरने काहींच्या कातडीला पुरळ येतं. दुसऱ्या दिवशी १८० ने खरखरीत करा. एच प्रायमर, म्हणजे ॲसिडवाला, वापरला असेल तर त्याच्यावर पुट्टी भरू नका, ॲसिडमुळे पुट्टी नीट सेट होत नाही.

पुट्टीचं काम मात्र हाताला बसायला वेळ लागतो. एका वेळी लिंबाएवढा गोळा घ्यायचा, हार्डनर वजनाने दोन-तीन टक्के, म्हणजे त्या गोळ्याला वाटाण्याएवढा. काचेच्या तुकड्यावर पट्टीने घोटायचं, फेटायचं नाही, फेटलं की हवा शिरते आणि मग घासल्यावर सुईच्या टोकाएवढी शेकडो भोकं निघतात. रंग सगळीकडे एकसारखा झाला, पट्टे उरले नाहीत, की झालं. आता तुमच्याकडे पाचेक मिनिटं आहेत, उन्हात त्याहूनही कमी. लवकर सुकावी म्हणून हार्डनर जास्त घालायचा मोह होतो, तो टाळा, जास्तीचा हार्डनर नंतर वरच्या रंगात डाग होऊन उतरतो.

पहिला हात पातळ आणि दाबून, म्हणजे खड्ड्यात बसेल. मग त्याच्यावर थोडा जाड. एकदम जाड थापू नका, दोन-तीन मिलिमीटरच्या वर जायची वेळ आली तर पत्रा आधी ठोकून वर काढायला हवा होता असा त्याचा अर्थ. सेट होताना एक अवस्था येते, नखाने ओरखडा उठतो पण चिकटत नाही, तेव्हा खडबडीत पेपर किंवा कानस मारली तर पुट्टी खवणीवरच्या खोबऱ्यासारखी भुगा होऊन निघते. ही वेळ साधली तर अर्धं काम वाचतं, पूर्ण कडक झाल्यावर तेच काम दुप्पट हात मोडून करावं लागतं.

घासताना पेपर हातात धरून घासायचा नाही. लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, कमानीच्या गोलाईला रबरी पाइपचा तुकडा. बोटांनी घासलं की बोटांच्या जागी चर पडतात, आणि ते रंग चढल्यावर उन्हात असे चमकतात की काय सांगू. आडवं-तिरकं फिरवत घासा, ८० ने आकार, १८० ने सफाई, ३२० ने शेवट. पुट्टी कोरडीच घासायची, पाणी लावायचं नाही, कारण ती पाणी पिते आणि ते वर रंग मारल्यावर फोडांतून बाहेर येतं. बाहेर पेंटरकडे पाणी मारून पुट्टी घासताना दिसेल, त्यांच्याकडे बघून करू नका.

सपाट झालं का ते डोळ्याने कळत नाही, हाताने कळतं. तळवा पातळ कापडावर ठेवून पूर्ण पॅनलवर लांब फिरवा, नुसत्या दुरुस्तीच्या जागेवर नाही.

मग सरफेसरचे दोन-तीन हात, हा डब्यातला वनकेवाला चालेल. वाळल्यावर त्याच्यावर स्वस्तातल्या काळ्या स्प्रेचा अगदी हलका शिंतोडा मारा आणि ४०० वॉटर पेपरने पाणी लावून घासा, आता पुट्टीवर सरफेसर आहे म्हणून पाणी चालतं. काळा रंग जिथे राहतो तिथे खड्डा, जिथे लगेच पत्रा किंवा पुट्टी दिसायला लागते तिथे उंचवटा. खड्डे राहिले तर परत पुट्टीचा पातळ हात. कंटाळा इथेच येतो, आणि काम बिघडतंही इथेच. शेवटी ६०० ने हात फिरवून थांबा.

रंग

रंगाचा कोड गाडीवरच असतो, बॉनेटखालच्या प्लेटवर किंवा दाराच्या खांबावर. मारुतीचा साधा पांढरा असेल तर २६यू, सिल्की सिल्व्हर झेड२एस, अशा प्रकारचा. गाड्यांचे रंग मिक्स करून देणारी दुकानं आहेत, ती कोडवरून थोडासाच रंगही बनवून देतात, काही जण स्प्रेच्या डब्यात भरूनही देतात. पण कोड कारखान्यातल्या रंगाचा, तुमची गाडी पंधरा वर्षं उन्हात उभी आहे. पेट्रोलच्या टाकीचं झाकण निघत असेल तर ते काढून, पॉलिश करून सोबत न्या, समोर जुळवून घ्या. पांढरा किंवा लाल असा साधा रंग घरी जमतो. सिल्व्हर मेटॅलिक घरी डब्याने मारून जुळला असं क्वचितच होतं, त्यातले कण हाताच्या वेगाप्रमाणे बसतात आणि शेड बदलते, त्यामुळे सिल्व्हरवाल्यांनी वर सांगितलेला पेंटरचा रस्ता धरावा. रंगच बदलायचा विचार असेल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, त्याच रंगाला काही नाही.

मारण्याआधी जुन्या रंगावर कोपऱ्यात थिनरचा बोळा घासून बघा. रंग कापडावर उतरला तर आधी कुणीतरी लॅकर मारून ठेवलाय, त्याच्यावर जोरकस थिनरचा रंग गेला की सुरकुत्या उठू शकतात, तिथे हात अगदी कोरडे आणि पातळ द्यायचे.

मास्किंग करताना दुरुस्तीच्या जागेभोवती मधेच सरळ रेष मारून टेप लावू नका, ती रेष कायमची दिसते. पॅनलची कड, दाराची फट, बीडिंग, अशा नैसर्गिक जागेपर्यंत जा, आणि जिथे जाता येत नाही तिथे टेप उलटी दुमडून गोल कड ठेवा म्हणजे रंग हळूहळू विरतो. चाक, काच, लाइट, सगळं झाका, उडालेली धूळ कुठे जाऊन बसते ते बघाल तर थक्क व्हाल. डॅशबोर्ड-टायरला लावायचं चकचकीत पॉलिश त्या आठवड्यात गाडीजवळ आणू नका, त्यातलं सिलिकॉन पत्र्यावर बसलं की रंग तिथून पळतो आणि गोल गोल डोळे पडतात. शेवटी डीग्रीझरने पुसा, एका कापडाने लावा, दुसऱ्या कोरड्याने लगेच उचला, आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही.

अंगणात हलका सडा घाला, धूळ बसते. आसपास गॅस, बिडी, देवघरातला दिवा, तुळशीपुढची पणती, काही पेटलेलं नको, थिनरची वाफ जमिनीलगत लांबपर्यंत जाते.

डब्यातली गोळी वाजायला लागली की त्याच्यापुढे दोन मिनिटं हलवा. अंतर एक वीत-सव्वा वीत, साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटर. बटण पॅनलच्या बाहेर दाबायचं, सरळ रेषेत जायचं, पॅनलच्या बाहेर सोडायचं. मनगट वळवायचं नाही, आख्खा हात सरकवायचा. प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढला पाहिजे. पहिला हात इतका पातळ की खालचा सरफेसर दिसतो, नवख्याला तिथेच धीर सुटतो, वाटतं झाकलं गेलं नाही, अजून मारू, आणि ओघळ येतो. दहा-पंधरा मिनिटं थांबा, दुसरा, मग तिसरा. झाकेपर्यंत. ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नका, पूर्ण वाळू द्या आणि ६०० ने घासून परत.

बेस रंग असेल तर त्यावर क्लिअरचे दोन-तीन हात, आणि क्लिअर शक्यतो पूर्ण पॅनलवर, तुकड्यात नाही. वनके क्लिअर पेट्रोलने मऊ पडतो, म्हणून पेट्रोल टाकीच्या तोंडाजवळ काम केलं असेल तर ते फार टिकणार नाही आणि पंपावर पोराला सांगावं लागेल सांभाळून भर म्हणून.

उरलेलं थिनर गटारात किंवा विहिरीच्या जवळ ओतू नका, झाकण घट्ट लावून ठेवा, गाळ बसला की वरचं परत हात धुवायला वापरता येतं (म्हणजे ब्रश धुवायला, हात साबणाने).

टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी काढा, कडेपासून मागे वळवत. मग गाडीला आठवडाभर हात लावायचा नाही, ही शिक्षा वाटते पण वनके रंगाला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर कडेला खरखर लागेल तिथे १५०० आणि २००० वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने, आणि वर रबिंग कंपाउंड. कडा आणि उभार रेषांवर घासायचं टाळा, तिथे रंग आधीच पातळ असतो, दोन फेऱ्यांत खालचा सरफेसर हसतो. मेणाचं पॉलिश महिन्याभराने.

आतून

हे सगळं झाल्यावर, आधी नाही, पत्र्याच्या आतल्या पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स मारायचं. आधी मारलं तर ते बाहेर झिरपून रंगाची वाट लावतं. डब्याबरोबर लांब नळी मिळते, ती दाराच्या आत, रनिंग बोर्डच्या भोकातून, मागच्या कमानीच्या वरून डिकीतल्या रबरी बुचांतून आत सोडायची आणि मागे ओढत फवारायचं. जुने लोक यासाठी जळकं ऑइल सोडायचे, ते काम करतं पण दारांची रबरं फुगवतं आणि पहिल्या पावसात सगळं अंगणात. खालून काळं डांबरासारखं कोटिंग मारतात तेही चालेल, फक्त गंजावर मारू नका, त्याच्या आड गंज निवांत वाढतो आणि कळतं तेव्हा स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. कमानीच्या आतल्या ओठाला इपॉक्सीचा एक जादा हात आणि त्यावर वॅक्स एवढं केलं तरी बराच फरक पडतो, आणि दर मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, ती तांबडी माती परत धुऊन काढायची.

वॅक्स मारून तासा-दोन तासांनी दारांची खालची भोकं परत तारेने उघडून घ्या, कारण वॅक्स ओघळून नेमकं तिथेच घट्ट बसतं.